ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर : कर्ज हलवणे आणि कर्ज फेडणे



आपल्याकडे कुठल्याही कार्यक्रमाच्या शेवटी आभार मानताना एक वाक्य हमखास येते : "आम्ही आपल्या ऋणातच राहू इच्छितो." लोक टाळ्या वाजवतात. पण त्याच व्यासपीठावरून कुणी म्हणाले, "आम्ही आपल्या कर्जातच राहू इच्छितो", तर काय होईल? मांडववाला, स्पीकरवाला आणि चहावाला, तिघेही जागेवरून उठतील.

शब्दकोशात या दोन शब्दांचे अर्थ जवळजवळ सारखेच आहेत. पण व्यवहारात आपण त्यांची फार चोख वाटणी केलेली आहे. तैत्तिरीय संहितेत ब्राह्मण जन्मतःच तीन ऋणे घेऊन येतो असे सांगितले आहे : ऋषींचे, देवांचे आणि पितरांचे. या ऋणांना आकडा नाही, हप्ता नाही, व्याजाचा दर तर नाहीच. कर्ज हा शब्द मात्र अरबी-फारसीतून बाजाराच्या वाटेने आला, आणि त्याला आकडा असतो, तारीख असते, चुकले तर दंड असतो. आज आपल्याला बोलायचे आहे ते निव्वळ कर्जाबद्दल. आणि त्यातही एका अगदी छोट्या, आजच्या गोष्टीबद्दल : एका क्रेडिट कार्डावरची बाकी दुसऱ्या कार्डावर नेण्यासाठी नव्या कार्डाचा अर्ज करावा का? बँका याला 'बॅलन्स ट्रान्सफर' म्हणतात.

तुम्ही म्हणाल, तत्त्वज्ञानाच्या मास्तरांनी यात कशाला पडावे? सांगतो.

आमची एक जुनी विद्यार्थिनी मध्यंतरी भेटायला आली होती. आता चाळिशीची आहे, शाळेत शिकवते. वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळी विम्याची रक्कम कमी पडली, तेव्हा उरलेले एक लाख रुपये तिने कार्डावर भरले. त्यानंतर दीड वर्ष ती दरमहा, एकही तारीख न चुकवता, बिलावर छापलेली 'किमान रक्कम' भरते आहे. ते कार्ड तिने दुसऱ्या कशालाही वापरलेले नाही. तरी बाकी अजून ब्याऐंशी हजार. घरी नवऱ्याला यातले काही माहीत नाही. ती म्हणाली, "सर, दुसऱ्या बँकेचं कार्ड काढून तिकडे हे सगळं फिरवू का? की ते चूक आहे?"

आता बघा, 'चूक' हा शब्द मराठीत दोन ठिकाणी राहतो. गणिताच्या वहीत राहतो आणि अपराधाच्या यादीतही राहतो. तिला एकाच वेळी दोन्ही विचारायचे होते : हिशोब चुकेल का, आणि मी काही गैर करते आहे का? हे दोन प्रश्न वेगळे करणे हे आमचे काम. आधी हिशोब घेऊ, कारण हिशोब कळला की अपराधाची भावना निम्मी आपोआप ओसरते.

क्रेडिट कार्डाचे व्याज महिन्याच्या दराने सांगितले जाते. साडेतीन टक्के म्हटले की कानाला सौम्य वाटते. वर्षाला ते बेचाळीस टक्के झाले. शिवाय कार्डाच्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी लागतो. साध्या कर्जाच्या व्याजावर तो लागत नाही, कार्डाच्या व्याजावर लागतो, हा फरक लक्षात ठेवा. म्हणजे एक लाखाच्या बाकीवर महिन्याला ३,५०० रुपये व्याज आणि ६३० रुपये कर, मिळून ४,१३० रुपये. आता समजा किमान रक्कम एकूण बिलाच्या पाच टक्के आहे. ती झाली सुमारे ५,२०० रुपये. त्यातले ४,१३० व्याजात आणि करात गेले. मुद्दलातून सुटले किती? जेमतेम १,०७५ रुपये.

या गतीने दीड वर्षात माणूस सुमारे पंच्याऐंशी हजार रुपये भरतो आणि त्याची बाकी उरते ब्याऐंशी हजार. आमच्या विद्यार्थिनीचा आकडा तिने काही चोरल्यामुळे किंवा उधळल्यामुळे आलेला नाही, तो या गुणाकारातून आलेला आहे. आणि हेच पुढे चालू ठेवले तर मूळ रक्कम निम्मी व्हायलाच पहिल्या दिवसापासून पाच वर्षे चार महिने लागतात. वर आणखी एक गोष्ट. बाकी शिल्लक असताना त्या कार्डावर नवी खरेदी केली, तर तिला बिनव्याजी मुदत मिळत नाही. वाणसामानावरसुद्धा खरेदीच्या दिवसापासून व्याज सुरू होते.

तेव्हा 'किमान रक्कम' हे शब्द नीट वाचायला हवेत. दंड टाळण्यासाठी लागणारी किमान रक्कम, एवढाच त्यांचा अर्थ आहे. कर्ज फेडण्यासाठी लागणारी रक्कम असा अर्थ आपण आपल्या मनाने लावतो.

आता बॅलन्स ट्रान्सफर म्हणजे काय होते? तुम्ही दुसऱ्या बँकेकडे कार्डासाठी अर्ज करता. पॅन, आधार, पगाराच्या पावत्या किंवा बँकेचे स्टेटमेंट देता. कार्ड मंजूर झाले की ती बँक तुमच्या जुन्या कार्डाच्या खात्यात पैसे भरते आणि तेवढी रक्कम तुमच्या नव्या कार्डावर लिहिते. मग एकतर दोन-तीन महिने अत्यल्प किंवा शून्य व्याजाची मुदत मिळते, नाहीतर सहा, नऊ, बारा महिन्यांचे हप्ते पाडून मिळतात, कमी दराने. याबद्दल बँक प्रोसेसिंग फी घेते आणि त्या फीवरही जीएसटी असतो.

उदाहरण घेऊ. हिशोब डोक्यात राहावा म्हणून एक लाखच धरू. दर महिन्याला दीड टक्का, घटत्या शिलकीवर, बारा हप्ते, फी दोन टक्के. हप्ता येतो सुमारे ९,१७० रुपये. वर्षभराचे व्याज साधारण १०,०००, त्यावरचा कर १,८००, फी आणि फीवरचा कर मिळून २,३६०. एकूण खर्च सुमारे चौदा हजार दोनशे. हेच एक लाख रुपये जुन्या कार्डावर, जुन्या दराने, बारा समान हप्त्यांत फेडायचे ठरवले तर खर्च येतो सुमारे अठ्ठावीस हजार आठशे. म्हणजे खर्च निम्म्यावर आला. चौदा-साडेचौदा हजार रुपये वाचले. शाळेत शिकवणाऱ्या बाईला ही रक्कम लहान नाही.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्वच्छ आहे. हिशोबाने यात चूक नाही.

पण थांबा. त्या उदाहरणात आम्ही एक गोष्ट हळूच गृहीत धरली, ती तुमच्या लक्षात आली का? आम्ही गृहीत धरले की ती बारा महिने दरमहा नऊ हजारांवर रक्कम भरेल. आजवर ती पाच हजारांच्या आत-बाहेर भरत होती. ते जास्तीचे चार-साडेचार हजार कुठून येणार, हे नवे कार्ड सांगत नाही. नवे कार्ड कर्ज फेडत नाही, ते फक्त कर्ज हलवते. आपली म्हण आहेच, ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर. टोपीने डोके बदलले तरी टोपी तीच.

इथे आपल्याच मातीतला एक इतिहास आठवतो. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली आणि मग पुणे-नगर भागात ते लोण पसरले. दख्खनचे दंगे म्हणून ते प्रसिद्ध आहेत. त्या शेतकऱ्यांना सर्वांत आधी काय हवे होते? त्यांना खते हवी होती, म्हणजे कर्जाचे कागद. ती हिसकावून घेऊन त्यांनी जाळली. हा राग कागदावर का होता, ते समजून घेण्यासारखे आहे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानुसार साध्या खतावर तीन वर्षांनंतर दावा चालत नसे. हेतू होता व्याज साचू नये हा. झाले काय? तीन वर्षे संपत आली की सावकार म्हणे, नवे खत करून दे. जुने मुद्दल अधिक साचलेले व्याज, ही सगळी बेरीज नव्या खतात मुद्दल म्हणून लिहिली जाई आणि त्यावर नव्याने व्याज चढे. आपल्याकडे दामदुपटीचा जुना नियम होता : एका वेळी व्याज मुद्दलापेक्षा जास्त मागता येत नाही. पण नवे खत झाले की व्याजच मुद्दल होऊन बसते, आणि दामदुपटीची मोजणी पुन्हा शून्यापासून.

म्हणून १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायालयांना एक महत्त्वाचा अधिकार दिला. खतावरचा आकडा अंतिम न मानता त्या व्यवहाराचा इतिहास पहिल्यापासून तपासायचा. मुळात हातात किती पडले, व्याज किती, परत किती आले, हे सगळे बघायचे.

आता कार्डाकडे परत या. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये कार्डांविषयी जे निर्देश काढले, त्यात एक चांगला नियम आहे : न भरलेले शुल्क आणि कर मुद्दलात मिळवून त्यावर व्याज लावता येणार नाही. ठीक. पण तुम्ही बाकी दुसऱ्या बँकेकडे नेता, तेव्हा काय नेता? स्टेटमेंटवरची एकूण रक्कम नेता. त्यात खरेदी आहे, व्याज आहे, उशिराचा दंड आहे, कर आहे. जुन्या घरी त्यांची वेगवेगळी नावे होती. नव्या घरी ते सगळे एकाच नावाने राहायला येतात : मुद्दल. नवे खत झाले! यात कुणी फसवलेले नाही, नव्या बँकेने खरोखरच तेवढे पैसे भरलेले असतात. पण तुम्ही दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा बाकी फिरवलीत, तर दर वेळी फी आणि व्याज मुद्दलात मुरत जाते आणि मूळ ऑपरेशनचा खर्च किती होता ते तुमचे तुम्हालाच आठवत नाही.

आणि कोर्ट येऊन मर्यादा घालेल अशी आशाही धरू नये. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये म्हटले होते की थकलेल्या कार्डाच्या बाकीवर वर्षाला तीस टक्क्यांहून जास्त व्याज ही अनुचित प्रथा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. तेव्हा १८७९ च्या न्यायाधीशाने जे काम केले, ते आज आपले आपल्यालाच घरच्या टेबलावर करायचे आहे. व्यवहाराचा इतिहास पहिल्यापासून तपासायचा.

तो शेतकरी आणि आपण यांच्यात एक फरक मात्र आहे. त्याला खत वाचता येत नव्हते. आपल्याला येते, आपण वाचत नाही. त्याच निर्देशांनुसार अर्जाबरोबर एका पानाचे मुख्य माहितीपत्रक देणे बँकेवर बंधनकारक आहे. त्यात व्याजाचा दर आणि आकार लिहिलेले असतात. एक पान! आम्ही परीक्षेला कांटच्या ग्रंथातली पन्नास पाने लावत असू.

ते पान हातात आले की काय बघायचे? पहिले, दर सरळ आहे की घटत्या शिलकीवर. "महिन्याला फक्त एक टक्का" असे म्हणणारा बहुधा सरळ दर सांगत असतो. म्हणजे तुम्ही अर्धे कर्ज फेडले तरी व्याज पूर्ण लाखावरच मोजणार. बारा महिन्यांसाठी सरळ बारा टक्के म्हणजे घटत्या शिलकीवर साधारण साडेएकवीस टक्के होतात. दुसरे, सवलतीची मुदत संपल्यावर दर किती, आणि एक हप्ता चुकला तर सवलत राहते की जाते. तिसरे, नव्या कार्डावर खरेदी केली तर तिला बिनव्याजी मुदत आहे का. बहुधा त्याचे उत्तर गैरसोयीचे असते, म्हणून त्या कार्डावर खरेदी करूच नये.

अर्जाबद्दलही दोन शब्द. मंजूर होणारी मर्यादा आपल्या हातात नसते. ब्याऐंशी हजार फिरवायचे म्हणून अर्ज करावा आणि कार्ड यावे पन्नास हजारांचे, असे होते. त्यातही पूर्ण मर्यादा बाकी फिरवायला मिळेलच असे नाही. एकाच बँकेच्या दोन कार्डांत सहसा बाकी फिरवता येत नाही. एकाच आठवड्यात चार बँकांकडे अर्ज टाकू नयेत, कारण प्रत्येक अर्जाची चौकशी तुमच्या पतअहवालात नोंदली जाते आणि पुढचा अधिकारी तिच्यावरून तुमची घाई वाचतो. त्याऐवजी आधी तो अहवाल स्वतः बघा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनाशुल्क मिळतो. अर्ज नाकारला तर कारण लेखी कळवण्याचे बंधन बँकेवर आहे, ते मागून घ्या.

आणि जुने कार्ड? पैसे तिकडे जमा झालेले दिसेपर्यंत जुन्या कार्डाचा भरणा थांबवायचा नाही. जमा झाल्यावरही पुढच्या बिलात मधल्या दिवसांचे थोडे व्याज येते. लोकांना वाटते खाते मिटले, आणि त्या दोन-तीनशे रुपयांवर दंड बसतो.

इथपर्यंत गणित झाले. आता खरा अवघड भाग. जुने कार्ड रिकामे झाले की त्याची मर्यादा पुन्हा पूर्ण मोकळी होते. कालपर्यंत जिथे ब्याऐंशी हजारांचे ओझे होते, तिथे आज लाखभराची जागा दिसते. अनेकांचे घर इथेच बसते. दिवाळी येते, फ्रिज बिघडतो, आणि वर्षाच्या शेवटी नव्या कार्डाचा हप्ताही असतो आणि जुन्या कार्डाची बाकीही असते. एकाची दोन कर्जे झाली.

ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या सातव्या भागात याच कोड्याची चर्चा केली आहे : चांगले काय ते माहीत असूनही माणूस उलटे का वागतो? ग्रीकमध्ये त्याला 'अक्रसिया' म्हणतात. आपली आजी म्हणायची, कळतं पण वळत नाही. ती संपूर्ण व्याख्या आहे. अशा वेळी निश्चयावर विसंबू नये, व्यवस्था करावी. हप्ता पगाराच्या दुसऱ्या दिवशी खात्यातून आपोआप जाईल असे करावे. जुन्या कार्डाची मर्यादा कमी करून घ्यावी किंवा ते बंद करावे. सगळी बाकी भरली असेल तर बंद करण्याची विनंती बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत मान्य करायची असते, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला पाचशे रुपये ग्राहकाला द्यायचे असतात. जुने कार्ड बंद केल्याने पतगुण थोडे खाली येऊ शकतात, हे खरे. पण ज्याला मोह आवरत नाही त्याने गुणांपेक्षा झोप जपावी.

आणि अर्ज करण्याआधी दुसरी दारेही ठोठवावीत. नोकरदारांच्या सहकारी पतसंस्था आपल्याकडे गावोगाव आहेत. तुमची असेल तर तिथला दर विचारा. मुदत ठेवीवर किंवा सोन्यावर कर्ज मिळते, आणि त्यांच्या व्याजावर जीएसटी नसतो. आहे त्याच कार्डाची बाकी हप्त्यांत पाडून द्या, असेही बँकेला विचारता येते.

आता दुसरा प्रश्न उरला : मी काही गैर करते आहे का? नीत्शेने १८८७ च्या आपल्या नीतीच्या वंशावळीवरच्या पुस्तकात दाखवले आहे की जर्मन भाषेत अपराध आणि कर्ज यांना एकच शब्द आहे, 'शुल्ड'. मराठीने तसे केलेले नाही, आणि ते बरे झाले. आपल्याकडे कर्ज हे 'देणे' आहे. द्यायचे आहे, एवढेच. वडिलांना वाचवण्यासाठी घेतलेल्या पैशांत लाज कसली? लाजेचा तोटा असा की ती माणसाला एकटे पाडते, आणि एकट्याने चार-साडेचार हजारांची वाढीव तरतूद होत नाही. ती घरात बसून, दोघांनी मिळून, खर्चाच्या वहीतूनच निघते. म्हणून आम्ही तिला म्हटले, अर्ज जरूर कर, पण बँकेच्या अर्जाआधी हा आकडा नवऱ्यापुढे ठेव. पितृऋण मोजता येत नाही, ते तू तुझ्या परीने फेडलेस. आता उरले आहे ते फक्त कर्ज, आणि ते मोजता येते.

तुमच्यापैकी कुणी असा अर्ज भरण्याच्या बेतात असेल, तर आज घरी गेल्यावर एक कागद घ्या. त्यावर तीन आकडे लिहा : मुळात किती खर्च केला होता, आजवर किती भरले, आणि दरमहा खरोखर किती भरता येईल. तिसऱ्या आकड्याला बाकीने भागून बघू नका, बाकीला तिसऱ्या आकड्याने भागा. जितके महिने येतील, त्यात व्याजासाठी एक-दोन मिळवा. सवलतीची मुदत तेवढी असेल तर टोपी बदलायला हरकत नाही. नसेल, तर आधी तिसरा आकडा मोठा कसा होईल ते बघा, अर्ज नंतर.

मागच्या वेळी वेळेअभावी काही चिठ्ठ्या राहून गेल्या होत्या. आता त्या आणि आजचे प्रश्न एकत्रच घेऊ.